निळा बाक

१

फोटोतला बाक पडद्यावर तीनशे बारा ठिपके रुंद होता, एकशे चार ठिपके उंच, आणि तपकिरी. पाठीला चार फळ्या होत्या. वरून तिसऱ्या फळीच्या उजव्या टोकाला एक खिळा कमी होता. तिथे नुसतं भोक.

ते भोक तिनं पहिल्यांदा पाहिलं त्याला दोन वर्षं झाली होती. ऑफिसातली माणसं तिला पाठीमागे ‘भिंग’ म्हणत, ते उगीच नव्हे. पदार्थविज्ञान शिकलेली ही बाई आधी वजनमापांच्या प्रयोगशाळेत होती. आता वेबसाइट लोकांपुढे जाण्याआधी ती तपासायची, हे तिचं काम. बोलणं मोजकं, लिहिणं त्याहून मोजकं.

कंपनी वृद्धाश्रमांच्या वेबसाइट चालवायची. एकशे शहाऐंशी आश्रम, एकशे शहाऐंशी पत्ते, पण प्रोग्राम एकच. बाहेरून वेगवेगळी दारं, आत एकच घर. पाहुणा कुठल्या दारातून आला ते प्रोग्राम बघे आणि त्या आश्रमाचं नाव, रंग, फोन नंबर पुढे करी. बाकी भिंती, जिने, खिडक्या सगळ्यांना त्याच. ज्या आश्रमांनी स्वतःचा फोटो पाठवला नाही त्या चौऱ्याण्णव जणांच्या ‘आमची बाग’ या पानावर हाच बाक होता. चौऱ्याण्णव बागा, एकच बाक, एकच भोक.

पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, “हे खोटं नाही का?” आणि “अहो, नमुन्याचा फोटो आहे” असं उत्तर आल्यावर गप्प बसली होती. त्या गप्प बसण्याची चव अजून तोंडात होती. शिळ्या दुधासारखी.

बुधवारी सकाळी ती एकशे सत्त्याऐंशीवी साइट तपासत होती, तेव्हा मदतकक्षातल्या ताई एका बाईला घेऊन आल्या. बाईच्या गळ्यात शिवणकामाची टेप तशीच राहिली होती.

“ह्या कुणाचं ऐकत नाहीत,” ताई हळूच म्हणाल्या. “मालकालाच भेटायचं म्हणे, आणि भाऊ भेटत नाहीत म्हणतायत. तूच बोल बाई.” आणि तिच्याकडे न बघता निघून गेल्या.

शिवणवालीनं दोन कागद टेबलावर ठेवले. एक चुरगळलेली चिठ्ठी, तिच्यावर आकडा: ४४११. दुसरा छापील.

“मार्चमध्ये मी आश्रमाच्या साइटवर तक्रार केली. आईच्या पाठीला जखम झाली होती. पाठीवर टाकून ठेवायचे, कुशीवर वळवायचे नाहीत. माझी मूठ आत जाईल एवढी जखम. वास यायचा.” ती सरळ बघत बोलत होती. “तक्रार पोहोचली म्हणून हा नंबर आला. मे महिन्यात आई गेली. मी वकिलाकडून नोटीस पाठवली. तर आश्रमाचं उत्तर आलं की तक्रार नव्हतीच, तुम्ही तर कौतुक केलंय. नंबर तोच. हे वाचा. मोठ्यानं वाचा.”

तिनं वाचलं. “‘आई इथे अगदी आनंदात आहे. कर्मचारी देवमाणसं आहेत. संध्याकाळी आई बागेतल्या निळ्या बाकावर बसून पाखरं बघते…’”

“माझी आई चार महिने पाठ टेकून पडली होती,” शिवणवाली म्हणाली. “ती बाकावर कधी बसली, ते मला सांगा.”

पण तपासणारी बाई तिचं ऐकत नव्हती. ती एकाच शब्दावर अडकली होती.

निळ्या.

२

निळा बाक या जगात एकाच ठिकाणी होता, आणि तो तिनंच निळा करायला लावला होता.

प्रोग्रामच्या दोन प्रती होत्या. एक खरी, लोकांसमोरची. दुसरी सरावाची, ऑफिसातल्यांपुरती. नवं काही करायचं तर आधी तिथे करून बघायचं. दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी. एकदा एका प्रशिक्षणार्थीनं सराव समजून खऱ्या साइटवर अकरा आश्रमांचे फोन नंबर पुसले, तेव्हा तिनं उपाय सुचवला: सराव-प्रतीतल्या फोटोतला बाक निळा करा. एका नजरेत कळेल, आपण कुठे आहोत. निळा दिसला तर खुशाल खेळा. तपकिरी दिसला तर हात आवरा.

बाहेरच्या कुणीही निळा बाक पाहणं शक्य नव्हतं. आश्रमाच्या माणसांनीही नाही. त्या आश्रमात तर बाकच नव्हता.

हे तिला माहीत असायला कारण होतं. त्याच आश्रमात, खाट क्रमांक चौदावर, तिचे वडील होते.

अकरा महिने झाले. बाबा आयुष्यभर जमिनीची मोजणी करत हिंडले. मग कंबरेचं हाड मोडलं, आणि काठीनं दहा-वीस पावलं सोडली तर माणूस एका खाटेपुरता उरला. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दादा फोनवर म्हणाला होता, “भावनेच्या भरात काही ठरवू नकोस. थोडे दिवस राहू दे तिथे.” थोडे दिवस! दर रविवारी ती जाई, भेटीच्या हॉलमध्ये तासभर बसे, आणि परतताना बसमध्ये ठरवी की पुढच्या रविवारी बोलायचं. असे सत्तेचाळीस रविवार गेले होते. तिनं मोजले होते. मोजायची सवय बाबांचीच.

शिवणवालीला तिनं बसायला सांगितलं. तेवढ्यात भाऊंचं बोलावणं आलं.

कंपनीच्या मालकाला सगळे भाऊ म्हणत. त्यांच्या खोलीत गुलाबाच्या वासाचा फवारा इतका मारलेला असे की घशात साबण गेल्यासारखं वाटे. रोज सकाळी नऊ ते नऊ वीस भाऊ दार लावून मौन पाळत. ‘मन स्वच्छ करतो’ म्हणत.

“ये बाळ,” ते म्हणाले. ती चव्वेचाळीस वर्षांची होती. “ती बाई आलीये ना? दुःखात माणूस काहीही बोलतो. आपण सांभाळून घ्यायचं.” त्यांनी एक कागद पुढे सरकवला. “एवढी सही कर. ‘सर्व नोंदी मूळ स्वरूपात आहेत, कोणताही बदल झालेला नाही.’ तपासनीस तू. तुझ्या सहीला वजन आहे.”

“तपासल्याशिवाय सही कशी करू?”

“तपास की! कोण नको म्हणतंय?” भाऊ हसले. फोन हातात घेऊन त्यांनी पडद्यावरून अंगठा फिरवला. पडद्यावर तेलकट पट्टा उठला. “अगं, परवाच एकाला आपली साइट दाखवली. ती बाग बघून त्याचे डोळे भरले. म्हणाला, आईला इथेच ठेवतो. आपण पुण्याचं काम करतो, बाळ.” मग फोन खाली ठेवून, अगदी मायेनं: “बाबा कसे आहेत? खिडकीजवळची खाट मिळाली ना? मीच शब्द टाकला होता. नाहीतर तिकडे आतल्या अंधाऱ्या खोलीत टाकतात, असं ऐकतो.”

मायेनं केलेली धमकी तिनं आयुष्यात प्रथमच ऐकली. साखरेत मेलेली मुंगी दिसावी, तसं झालं.

“चार वाजेपर्यंत वेळ द्या,” ती म्हणाली.

“चार वाजता,” भाऊ म्हणाले. “सही घेऊनच ये.”

३

प्रोग्रामरला सगळे ‘बोका’ म्हणत, कारण यंत्रांच्या गरम कोपऱ्यात डोळे मिटून बसायची त्याला सवय होती. त्याच्या टेबलावर तीन दिवसांच्या चहाचे पेले होते. एकात साय धरून वर हिरवट ठिपके आले होते. तिनं खुर्ची एक हात मागे ओढली.

“४४११ची नोंद दाखव.”

बोक्यानं कळा बडवल्या. पडद्यावर ओळ आली. आश्रमाचं नाव, खाट, तारीख, मजकूर. आणि शेवटी: शेवटचा बदल, एकोणीस मे, सकाळी नऊ वाजून सात मिनिटं. बदल करणारा: कार्यालय.

“कार्यालय म्हणजे कोण?”

“म्हणजे सगळे. एकच खातं आहे. पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, तुला माहितीये.”

“मी तीनदा लिहून दिलं होतं की प्रत्येकाला वेगळं खातं हवं.”

“मीही भाऊंना तीनदा सांगितलं. ते म्हणाले, एका कुटुंबात किल्ल्या कशाला वेगळ्या?” बोका जांभई देत म्हणाला.

तिनं त्याला निळ्या शब्दावर बोट ठेवून दाखवलं. जांभई अर्ध्यात तुटली.

“अरे बापरे.”

“सगळ्या साइटवर शोध. हेच दोन शब्द.”

भाऊंचा एक आवडता वाक्प्रचार होता: एका ठिकाणी हात लावला की सगळीकडे लागतो. तेच आता त्यांच्या कंपनीत तिच्या कामी आलं. एकशे शहाऐंशी कपाटं उघडायची गरज नव्हती; सगळ्या आश्रमांचे निरोप एकाच तक्त्यात होते. अर्ध्या सेकंदात उत्तर आलं.

त्रेसष्ट.

एकोणतीस आश्रमांत त्रेसष्ट म्हातारी माणसं निळ्या बाकावर बसून पाखरं बघत होती. काहींच्या बाकाशेजारी मांजर होतं. एकाला तर ‘सुनेपेक्षा इथली ताई बरी’ असा विनोदही चिकटवलेला होता. सगळे बदल मे महिन्याच्या दोन आठवड्यांत, सकाळी नऊ ते नऊ वीसच्या दरम्यान.

बोका पांढरा पडला. “ऐक, सराव-प्रत रोज वापरणारी माणसं दोन. तू आणि मी. लोक काय म्हणतील? तू नाहीस, तर मी. हो ना?”

“तू नऊला कुठे असतोस?”

“अंथरुणात. पण त्याला काय अर्थ आहे? बदलाचं पान फोनवरही उघडतं. अंथरुणातूनही होईल.” तो स्वतःच स्वतःला अडकवत होता, आणि हे त्याला कळत नव्हतं.

“तुला एखादी नोंद बदलायची असती तर कशी बदलली असतीस?”

“मी? मी सरळ तक्त्यात घुसलो असतो. पान कशाला उघडू? तक्त्यात हातानं बदललं की ‘शेवटचा बदल’ उमटतच नाही…” तो थांबला.

“पण इथे त्रेसष्ट वेळा उमटलाय,” ती म्हणाली. “म्हणजे हा माणूस पुढच्या दारानं आला. त्याला मागचं दार माहीतच नव्हतं.”

बोक्यानं मोठा श्वास सोडला. त्या श्वासाला शिळ्या चहाचा वास होता.

“तू हे निरोप कधी वाचलेस?” तिनं विचारलं.

“मी कशाला वाचू? माझं काम चालवणं. आत काय आहे ते मी बघत नाही.” हे तो अभिमानानं म्हणाला. गटार साफ वाहतं ना, मग बस्स, अशा थाटात.

४

ताई जेवणाचा डबा उघडून बसल्या होत्या, पण घास उतरत नव्हता.

“ताई, साइटवरच्या बागेतल्या बाकाचा रंग कोणता?”

“हे काय विचारणं झालं? तपकिरी. दिवसातून पन्नास वेळा तो बाक बघते मी. स्वप्नातसुद्धा तपकिरीच येतो.”

“आणि निळा?”

“तो तुमच्या खेळातला. पहिल्या दिवशीच तू दम दिला होतास ना, निळा म्हणजे खोटा म्हणून.” ताईंनी डबा बंद केला. “का गं? काय झालं?”

तिनं छापलेली त्रेसष्ट निरोपांची यादी पुढे ठेवली. ताईंनी एक ओळ वाचली, दुसरी वाचली, यादी शेवटपर्यंत चाळली, आणि हातातला कागद हळूहळू खाली आला.

“हे असे नव्हते.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“कारण आलेले निरोप सगळ्यांत आधी मी वाचते. वाचून त्या त्या आश्रमाला पुढे पाठवते.” ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “जखमा, उपास, बांधून ठेवणं. काय काय लिहिलेलं असायचं! एकानं लिहिलं होतं, बापाच्या तोंडात दोन दिवसांचा भात तसाच होता. मी पुढे पाठवायचे. पुढे काय, ते माझ्या हातात होतं का?”

“परत विचारलंत कधी? त्या भाताचं काय झालं?”

ताई रडू लागल्या. ही ऑफिसातली सगळ्यांत मायाळू बाई. कुणाला शिंक आली तरी सुंठ देणारी. एखाद्या स्वच्छ भांड्याच्या बुडाला बोट लावावं आणि मेणचट थर हाताला लागावा, तसं तपासणारीला वाटलं. पण तेच बोट तिनं स्वतःकडेही वळवलं. चौऱ्याण्णव बागांवर ‘तपासलं, योग्य’ असा शेरा कुणी मारला होता?

“सकाळी सव्वानऊला तुम्ही बसमध्ये असता,” ती म्हणाली. “फोन हातात असतो. पान उघडू शकता.”

“मी?” ताईंचं रडं थांबलं. “अगं, मी केलं असतं तर निळा कशाला लिहिला असता?”

“बरोबर,” ती म्हणाली. “मीही तेच म्हणते.”

ती उठली. ताईंनी तिचा हात धरला. “एक सांगू? रागावशील.”

“सांगा.”

“यादीत खाट चौदाही आहे. तू अजून तिथपर्यंत वाचलं नाहीस.”

५

तिनं यादी टेबलावर उलटी ठेवली आणि आधी दुसरं काम केलं. प्रयोगशाळेत शिकलेली गोष्ट: हात थरथरत असेल तर मोजमाप घ्यायचं नाही.

मूळ शब्द कुठे असतील? खऱ्या तक्त्यात नाहीत. तिथे पाखरं किलबिलत होती. पण सराव खरा वाटावा म्हणून मधूनमधून खऱ्या प्रतीतले सगळे निरोप सराव-प्रतीत ओतले जात. शेवटचं ओतणं तिच्याच सांगण्यावरून झालं होतं, अकरा एप्रिलला. त्रेसष्टही निरोप त्याआधीचे होते, आणि बदल झाले मे महिन्यात. म्हणजे निळा बाक जिथे होता तिथेच खरे शब्दही पडून होते, आणि खोटे लिहिणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

तिनं सराव-प्रत उघडली. ४४११.

‘आईच्या पाठीची जखम हाडापर्यंत गेली आहे. तीन वेळा सांगितले. कृपया कुणीतरी तिला कुशीवर वळवा. दर दोन तासांनी वळवायचे असते, मी वाचले आहे. तुम्हाला वेळ नसेल तर मी येऊन वळवीन, मला फक्त आत सोडा.’

तिनं ते दोनदा वाचलं. छापलं. मग यादी सुलटी केली.

खाट चौदा. आता त्या ओळीत होतं: ‘लेक दर रविवारी येते. निळ्या बाकावर बसून आम्ही गप्पा मारतो. कसली कमी नाही.’

सराव-प्रतीत, त्याच क्रमांकावर, फेब्रुवारीची तारीख होती. हॉलमधल्या यंत्रावर बाबांनी एका बोटानं टाइप केलं असणार. शब्द तुटक, पण आकडे बिनचूक.

‘खाट क्र. १४. रात्री बेल वाजवली तर बेल काढून नेतात. गेल्या ३० रात्रीत १७ वेळा. ओल्या चादरीवर सरासरी ५ तास. सुधारणा व्हावी. मुलीला कळवू नये. तिच्या जिन्याला ५४ पायऱ्या आहेत.’

ती स्वच्छतागृहात गेली. मग तोंड धुतलं, साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले. आरशात बघितलं नाही.

सव्वातीन वाजले होते. कोण, हे तिला आता कळलं होतं. पण कळणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे.

६

चार वाजता ती भाऊंच्या खोलीत गेली, तेव्हा तिच्या मागे बोका, ताई आणि शिवणवालीही आत आले. भाऊंच्या कपाळाला एक आठी पडली आणि लगेच गुळगुळीत झाली.

“अरे वा, सगळं कुटुंबच! सही आणलीस का, बाळ?”

“सहीच्या आधी एक लहानसं काम आहे, भाऊ. एकशे सत्त्याऐंशीवी साइट उद्या उघडायची. त्यांनीही बागेचा फोटो पाठवला नाही. आपला बाक ठेवायचा, की बदलायचा?”

“बदलायचा कशाला?” भाऊंना विषय बदलल्याचं बरं वाटलं. “तो निळा बाक म्हणजे आपली लक्ष्मी. बघितला की जीव निवतो माणसाचा.”

गुलाबाचा फवारा कोपऱ्यात आपोआप फुसकन उडाला.

“भाऊ,” बोका सावकाश म्हणाला, “बाक तपकिरी आहे.”

“काहीतरीच! रोज बघतो मी.” भाऊंनी फोन उघडून टेबलावर आपटला. पडद्यावर तेलाच्या पट्ट्याखाली बाग होती, आणि बागेत निळाशार बाक.

“फोनवरचं ते साइटचं चिन्ह मीच बसवून दिलंय,” बोका म्हणाला. तो भाऊंकडे बघत नव्हता. तिच्याकडे बघत होता. “दोन वर्षांपूर्वी. गिऱ्हाइकांना दाखवता दाखवता भाऊ चुकून काही बिघडवतील म्हणून सराव-प्रत दिली. निरोपांचं पान तेवढं खरं दिलं. ते रोज हवं म्हणाले होते. मी विसरूनच गेलो होतो.”

तपासणारी बाई बोलू लागली, नेहमीच्याच सपाट आवाजात. “त्रेसष्ट तक्रारी बदलल्या गेल्या. बदलणाऱ्यानं प्रत्येक ठिकाणी निळा बाक लिहिला. आश्रमातल्या माणसानं लिहिला नसता, त्यांना साइटवर दिसतो तो तपकिरी. बोक्यानं आणि ताईंनी लिहिला नसता, मीही नाही. आम्हा तिघांना निळा म्हणजे खोटा हे पाठ आहे. तो शब्द लिहिणं म्हणजे खाली आपलं नाव लिहिणं. शिवाय बोका असता तर वेळ उमटली नसती. निळा बाक खरा आहे असं मानणारा एकच माणूस या कंपनीत आहे. ज्यानं दोन वर्षांत आपली एकही खरी साइट उघडून बघितली नाही, तो. आणि सगळे बदल नऊ ते नऊ वीसमधले.”

“मौनात,” ताई पुटपुटल्या. “देवा.”

भाऊ खुर्चीत मागे रेलले. चेहरा पडला नाही. उलट वैतागला, जेवताना कुणी मोरी धुवायला काढावी तसा.

“मी कुणाला मारलं नाही. बाई आधीच गेली होती. आश्रमाचा माणूस माझ्यापुढे रडला. एक आश्रम बदनाम झाला की बाकीचे पळतात, तुम्ही सगळे रस्त्यावर येता. मी काय केलं? चार शब्द गोड केले. कोण वाचतं ते?”

“मी वाचते,” शिवणवाली म्हणाली.

तपासणारीनं मूळ निरोपाचा छापील कागद तिच्या हातात दिला. तिनं तो वाचला नाही. नुसता उघडून बघितला. आपली अक्षरं ओळखावीत तसा. मग टेपच्या घडीसारखी त्याची घडी घातली.

“बासष्ट अजून आहेत,” तपासणारी तिला म्हणाली. “सगळ्यांच्या प्रती तुमच्या वकिलाकडे गेल्या आहेत. साडेतीन वाजताच. त्या-त्या घरच्यांना ताई कळवतील. त्यांच्याकडे पत्ते आहेत.”

ताईंनी मान हलवली. आधी थोडी, मग जोरात.

“बाळ,” भाऊ हळू आवाजात म्हणाले, आणि आता त्या आवाजात मायेचा वर्खही नव्हता, “संध्याकाळपर्यंत खिडकीजवळची ती खाट रिकामी झालेली असेल. विचार केलास?”

“हो,” ती म्हणाली. “रिकामीच होणार आहे.”

सहीचा कागद तिनं कोराच त्यांच्यापुढे ठेवला. बाहेर पडल्यावर मोकळ्या हवेतही तिच्या ओढणीला गुलाबाचा वास येत राहिला. तिनं ती काढली आणि कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत टाकली.

७

बुधवारी भेटीची वेळ नसते, असं दारावरच्या माणसानं सांगितलं. तिनं त्याला ४४११चा कागद वाचायला दिला आणि तो वाचत असताना आत गेली. भेटीच्या हॉलच्या पलीकडे ती अकरा महिन्यांत प्रथमच गेली होती.

फिनाइलच्या वासाखाली दुसरा वास होता. खाट चौदा खरंच खिडकीजवळ होती. खिडकीतून विटांची भिंत दिसत होती, हातभर अंतरावर, आणि भिंतीच्या पायथ्याशी कचऱ्याचे चार डबे. बेलची वायर भिंतीतून बाहेर लोंबत होती. टोकाला बेल नव्हती.

बाबा जागे होते. त्यांनी तिला बघितलं, मग खिडकीकडे बघितलं, मग परत तिला.

“आज रविवार नाही,” ते म्हणाले.

“नाही. बुधवार.”

“मग?”

तिनं चादरीवर हात ठेवला. ओली होती. बाबांनी तिचा हात बाजूला सारायचा प्रयत्न केला, आणि जमलं नाही तेव्हा नजर भिंतीकडे वळवली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजणारा माणूस, आपल्या खाटेच्या कडेला आक्रसून बसला होता.

“दादाशी बोललीस का?” त्यांनी विचारलं.

“नाही. त्याला उद्या सांगेन.”

“काय सांगशील?”

तिनं खाटेखालून त्यांच्या चपला काढल्या. तळाला धूळ बसली होती. ती तिनं रुमालानं पुसली, आधी डावीची, मग उजवीची, आणि चपला त्यांच्या पायांपाशी जोडून ठेवल्या.

“चोपन्न नाहीत, बाबा. बावन्न आहेत, तुम्ही उंबरे धरलेत. प्रत्येक मजल्यावर खुर्ची ठेवीन, दमलात की बसायचं.” तिनं त्यांच्या खांद्याखाली हात घातला. “चला उठा. मी तुम्हाला घरी न्यायला आले आहे.”